भिंतीवरचा ऑक्सिजन

गावात नव्या माणसाने पत्ता विचारला तर त्याला हमखास सांगतात, "अणूपाशी उतरा." पोखर्णीच्या रस्त्यावरून आत वळलं की दोन किलोमीटरवर गाव लागतं, गावाच्या तोंडाशी शाळा, आणि शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, बसथांब्याच्या अगदी समोर, हा अणू. पुरुषभर उंचीचा. मधे लालभडक गोळा, भोवती निळं वर्तुळ, वर्तुळावर सारख्या अंतरावर आठ पिवळे ठिपके आणि खाली वळणदार अक्षरांत 'ऑक्सिजन'. बाया बाजाराला निघाल्या की अणूपाशी जमतात. कुणाची शेळी चुकली तर ती अणूखालच्या सावलीत रवंथ करत सापडते. अणू म्हणजे काय हे गावातल्या निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही, पण तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना एवढंही छातीठोकपणे सांगता आलेलं नाही.

हा अणू भगवानराव पेंटरांनी काढला, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. एके काळी आसपासच्या दहा गावांतल्या दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, विहाराची कमान, जयंतीचे फलक, सगळं त्यांच्याच हातचं असायचं. मग फ्लेक्स आले. बघता बघता पाट्या उतरल्या, ट्रॉल्या भंगारात गेल्या, विहाराची कमान नवी झाली. एकाहत्तर वर्षांच्या भगवानरावांचा हात आता थरथरतो. चहाची बशीसुद्धा त्यांची बायको केशरबाई त्यांच्या हाताखाली आपला हात धरून देते. त्यांच्या हातचं म्हणून गावात हा अणूच तेवढा उरला आहे. रोज सकाळी ते फिरायला म्हणून निघतात, शाळेपाशी येतात, खांद्यावरच्या टॉवेलने ऑक्सिजनवरची धूळ झटकतात आणि मग थांब्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला जय भीम घालतात.

त्यांची थोरली लेक धम्मशीला त्याच शाळेत विज्ञान शिकवते. लग्नात तिला गावातच दिलं होतं, त्यामुळे बापाचं हे रोजचं फडकं मारणं ती वर्गाच्या खिडकीतून रोज बघायची. आणि तो ऑक्सिजन चुकलेला आहे हे गावात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

चूक तशी साधी. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन आठच असतात, पण ते एका वर्तुळात मावत नाहीत. आतल्या कवचात दोन, बाहेरच्यात सहा, अशी त्यांची बसायची रीत. आठवीची पोरं फळ्यावर दोन-सहा बरोबर काढायची आणि परीक्षेत मात्र भिंतीवरचा ऑक्सिजन उतरवायची. धम्मशीला लाल पेन हातात घेऊन विचार करत बसायची आणि अर्धा गुण देऊन टाकायची. हा अर्धा गुण कशाबद्दल, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

तिचं स्वतःचंही तेच झालं होतं. परभणीला अकरावीत असताना तिने पेपरात आठ ठिपके एका वर्तुळात मांडले होते आणि तिथल्या सरांनी त्यावर लाल फुली मारली होती. तो पेपर तिने दप्तराच्या तळाशी घालून घरी आणला. "पेपर कसा गेला गं माय?" असं आबांनी, तिच्या वडिलांनी, विचारलं तेव्हा ती म्हणाली, "चांगला गेला." त्या दिवसापासून ती जी गप्प बसली ती आजपर्यंत.

या डिसेंबरात मात्र गप्प बसायची सोय राहिली नाही. जानेवारीत तपासणीचं पथक येणार म्हणून मुख्याध्यापक श्रीराम सरांनी साऱ्या बोलक्या भिंती नव्याने बोलत्या करायचं ठरवलं. परभणीहून पेंटर ठरला. पाढे, नकाशा, बाराखडी असे त्याच्याकडे तयार साचेच होते.

"धम्मशीला मॅडम, रस्त्याकडची भिंत तुमची," श्रीराम सर म्हणाले. "जुनं सगळं पुसायचंय. काय काढायचं ते कागदावर द्या."

"तो अणूसुद्धा?"

"रंग उडालाय की त्याचा. आणि मी इंग्रजीचा माणूस, पण तो बरोबर तरी आहे का हो?"

तपासणीला विज्ञानाचा कुणी जाणता आला तर भिंतीकडे बोट दाखवून तो काय म्हणेल, हे तिला लख्ख दिसलं. आणि त्या वेळी आबा समोरच्या थांब्यावर बसलेले असतील हेही. भिंत पुसली तर बापाच्या आयुष्याचं उरलेलं एवढंसं पुसलं जाणार. पुसण्याचं कारण सांगितलं तर तीस वर्षं आपण चुकीच्या चित्राची धूळ झटकली हे त्यांना कळणार. यातलं कमी वाईट कोणतं?

तिने तिसराच रस्ता काढला. आबांना आठ दिवस येलदरीला आपल्या धाकट्या बहिणीकडे, रेणुकाकडे धाडायचं. ते परत येईतो भिंत नवी. भिंतीला ओल धरली होती, पोपडे सुटले होते, गिलावा करावाच लागला, असं सांगायचं. खोटं बोलण्यात ती काही तरबेज नव्हती, पण एवढं जमलं असतं.

त्याच आठवड्यात आठवीला अणूचा धडा आला. योग असे असतात, त्याला कुणी काय करावं.

धम्मशीला हा धडा घरच्या वस्तू आणून शिकवायची. आधी हरभऱ्याचा दाणा दाखवायची: हा डाल्टनचा अणू, टणक, भरीव, याच्या आत काही नाही. मग केशरबाईने केलेला रव्याचा लाडू काढायची. हा थॉमसनचा. रवा म्हणजे धनप्रभार, सगळीकडे सारखा पसरलेला, आणि त्यात रुतलेले बेदाणे म्हणजे इलेक्ट्रॉन. मग त्याच थॉमसनचा विद्यार्थी रुदरफोर्ड आला. त्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कणांचा मारा करायला लावला.

"ज्वारीच्या रानात पाखरं हाकायला गोफण फिरवता ना? समजा, हजारो खडे मारले, सगळे धाटांमधून आरपार गेले, आणि एखादाच फिरून तुमच्याच कपाळावर आला. तर काय म्हणाल?"

"रानात कुठं तरी धोंडा हाय म्हणू!" वर्ग ओरडला.

"तेच तो म्हणाला. अणू बहुतेक सगळा मोकळा आहे, आणि मधे एक इवलासा धोंडा आहे. म्हणजे गुरूचा लाडू गेला. पुढे रुदरफोर्डकडे बोर शिकायला आला आणि त्याने गुरूचं चित्र दुरुस्त केलं. म्हणाला, इलेक्ट्रॉन वाटेल तसे फिरत नाहीत, त्यांची वर्तुळं ठरलेली आहेत."

लाडू कुणाला मिळणार याकडे सगळ्यांचं लक्ष लागलेलं असताना पहिल्या बाकावरच्या कावेरीने हात वर केला. "मॅडम, चेल्यानंच चूक काढली म्हंजे थॉमसन सरायला वाईट वाटलं नसंल का?"

थॉमसनला 'सर' म्हणणारी ही जगातली पहिलीच पोर असावी. धम्मशीलाला हसू आलं आणि लगेच ओसरलं. "वाटलं असेल," ती म्हणाली. "मला माहीत नाही. पण पुढे थॉमसनच्याच जागेवर रुदरफोर्ड काम करायला गेला, एवढं माहीत आहे."

त्या उत्तराने कावेरीचं समाधान झालं की नाही कोण जाणे, धम्मशीलाचं झालं नाही. रविवारी तिने परभणीची बस धरली आणि माधवराव सरांचं घर गाठलं.

माधवराव सर म्हणजे तिला आठवीत विज्ञान शिकवणारे. भिंतीवरचा अणू भगवानरावांकडून त्यांनीच काढवून घेतला होता, आणि आता ती त्यांच्याच जागेवर शिकवत होती. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते. मुलाकडे राहत होते, काठी घेऊन चालत होते, बोलणं मात्र अजून वर्गातल्यासारखं स्वच्छ. तिने भिंतीचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "सर, मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, भिंतीवर जागा कमी पडली म्हणून सगळे इलेक्ट्रॉन एकाच वर्तुळात काढलेत. खरं का ते?"

"जागा? अर्धी भिंत मोकळी होती." सर म्हणाले. "आणि तो ऑक्सिजन नव्हताच मुळी. मी कार्बन सांगितला होता."

"काय?"

"चिठ्ठीवर काढून दिला होता तुझ्या वडिलांना. आत दोन, बाहेर चार. जयंतीच्या आधीचा आठवडा होता. त्यांनी त्या दिवसांत दहा-बारा वाड्या-वस्त्यांवर धम्मचक्रं काढली होती, आठ आऱ्यांची. हाताला आठाचीच सवय बसलेली. मी सकाळी येऊन बघतो तर वर्तुळावर आठ ठिपके, एकसारखे, देखणे. निम्मं गाव जमलेलं. भगवानराव पांढरा सदरा घालून उभे आणि माझ्या तोंडाकडे बघतायत. नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. मी ठिपके मोजले, आठ भरले. म्हटलं, भगवानराव, खाली ऑक्सिजन लिहा."

धम्मशीला आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले. दोन्हीचं कारण एकच होतं.

"दोन दिवस उन्हात उभं राहून काढलेलं," सर म्हणाले. "चार लोकांत कसं सांगायचं त्यांना? वाटलं, माणसाची इज्जत राखली आपण. तूही सांगू नकोस. या वयात कशाला?"

परतीच्या बसमधे तिला हलकं हलकं वाटलं. सरांनीच सांगू नको म्हटल्यावर प्रश्न मिटला होता.

सोमवारी सकाळी ती आबांना बसमधे बसवून द्यायला थांब्यावर आली. आबांच्या हातात पिशवी, पिशवीत रेणुकाच्या लेकरांसाठी केशरबाईने दिलेले लाडू. बस यायला अवकाश होता. आबांनी पिशवी बाकावर ठेवली, रस्ता ओलांडला आणि सवयीने टॉवेल झटकून ऑक्सिजनवरची धूळ काढली. मग मान तिरकी करून बघत राहिले.

"माय, भिंतीला रंग द्यायलेत म्हणं औंदा," ते तिथूनच म्हणाले. "त्या पेंटरला सांग, पिवळ्याला डबल हात मार म्हणावं. पार उडालाय. पण वर्तुळाला अन् ठिपक्यायला हात लावू नको म्हणावं. ते एकदम बरोबर हाय."

धम्मशीलाने ओलीचं आणि गिलाव्याचं वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं. ते काही बाहेर आलं नाही.

"आबा, ते बरोबर न्हाई," ती म्हणाली.

"काय बरोबर न्हाई?"

तिने रस्ता ओलांडला आणि भिंतीवर बोट ठेवून सांगितलं. आत दोन पाहिजेत, बाहेर सहा. आठ एका वर्तुळात बसत नाहीत. आबा तिच्या बोटाकडे बघत होते.

"माधवराव सरायला ठाव व्हतं?"

"व्हतं."

"अन् तुला?"

"अकरावीपासून."

आबांनी टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "म्हंजी सर शिकलेले, लेक शिकलेली. दोघायला ठाव. अन् मी रोज सकाळी फडकं मारायलोय."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून आबा..."

"वाईट वाटायलंच की आता. दुकानाची पाटी चुकली तर दुकानदार चार शिव्या घालायचा, मी पुसून दुसरी काढायचो. माणूस गलती सांगतो ते कामाची कदर करून सांगतो. तुमी म्हणलं, ह्याला काय कळतंय, ऱ्हाऊ द्या, असंच ना?"

"तसं न्हाई आबा. सरांनी तुमची इज्जत राखली."

"माझी इज्जत मला इचारून राखायची व्हती," आबा म्हणाले.

तेवढ्यात बस आली. ती थांबेल, आबा चढणार नाहीत, आपण त्यांचे पाय धरू, असं काहीबाही तिच्या मनात आलं. आबा पिशवी उचलून चढले आणि पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन बसले. मागे वळून बघितलंही नाही. तिने त्या दिवशी चार तास घेतले आणि त्यातला एकही तिला नंतर आठवला नाही. संध्याकाळी माहेरी जाऊन केशरबाईला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लय उशीर केलास गं."

दोन दिवस तिने फोन करायला म्हणून मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी रेणुकाचाच आला.

"अक्का, आबाला काय झालंय गं? धरण बगायला चला म्हणलं तर येईनात. अंगणात खिळा ठोकून सुतळीनं वर्तुळं काढायलेत. सासूबाईनं सारवलेलं सगळं अंगण उकरून ठिवलं."

"जेवायलेत का?"

"जेवायलेत. पण घास हातात धरून मधीच इचारतात, आत दोनच कामून? मी म्हणलं, आबा, मी कॉमर्सची."

धम्मशीला स्टाफरूममधे होती. तिथे मोठ्याने हसणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन हसली. "त्यायला म्हण, मी सांगते. या म्हणावं परत."

शुक्रवारी मधल्या सुट्टीत आबा बसमधून अणूपाशी उतरले. घरी गेले नाहीत. बाकावर पिशवी ठेवली आणि शाळेच्या फाटकाकडे तोंड करून बसून राहिले. परभणीच्या पेंटरने तोवर तीन भिंती उरकल्या होत्या. रस्त्याकडची तेवढी धम्मशीलाने अडवून धरली होती. ती धावतच आली. दोघं एकमेकांकडे बघेनात.

"सांग," आबा म्हणाले. "आत दोनच कामून?"

तिने पहिल्यापासून सांगितलं. हरभरा, लाडू, गोफण, धोंडा. आठवीच्या वर्गाला दोन तास लागतात ते आबांनी अर्ध्या तासात घेतलं, कारण त्यांना लाडूची वाट बघायची नव्हती. आतलं घर लहान, तिथे दोघांपुरतीच जागा असते, तिसऱ्याला बाहेरच्या घरात जावं लागतं, असं तिने सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"म्हंजी गुरूनं काढलेलं चेल्यानं पुसलं. अन् त्याचं त्याच्या चेल्यानं."

"हो."

"गुरूला सांगून?"

"सांगून. साऱ्या जगाला छापून."

"मग झालं की," आबा म्हणाले. "तू कामून भ्याली?"

तिने त्यांचा हात धरला. मग आता सांगायचंच तर सगळं सांगावं म्हणून तिने कार्बनचं आणि चिठ्ठीचंही सांगितलं.

आबांनी डोळे मोठे केले. "ती चिठ्ठी! दोन मधी, चार भायेर, वाकडंतिकडं. मला वाटलं मास्तर माणूस, चित्रकला कच्ची. म्हणून मीच नीटनेटकं केलं!" आणि ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत, टॉवेलने डोळे पुसेपर्यंत हसले. थांब्यावरच्या दोन बाया काही न कळताच हसायला लागल्या. मग आबा एकदम थांबले.

"भायेर किती म्हणलीस? सहा?"

"ऑक्सिजनला सहा."

"अगं माय, सहा तर आठापेक्षा सोपे! ज्या सुतळीनं वर्तुळ काढलं, तीच सुतळी वर्तुळावरून चालवायची. सहाव्या पावलाला जिथून निघाली तिथंच येती. न मोजता. आठाला आडवी मार, उभी मार, तिरपी मार, किती तकलीफ. सर नुसतं बोलले असते तर दोन मिन्टात केले असते मी."

हे ऐकून धम्मशीलाला जे रडू आलं ते तिने थांबवलं नाही.

श्रीराम सरांनी कपाळाला हात लावला, पण भिंत दिली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघं कामाला लागले. लाल गोळा तसाच ठेवायचा, आबांच्या हातचं 'ऑक्सिजन' तसंच ठेवायचं, ठिपके पुसायचे आणि आत एक लहान वर्तुळ घालायचं असं ठरलं. तीस वर्षांपूर्वीचा खिळा लाल रंगाखाली अजून होता. आबांनी त्याला सुतळी बांधून माप घेतलं आणि कोळशाने वर्तुळावरून पावलं टाकली. सहावं पाऊल बरोबर पहिल्यावर येऊन पडलं. सुतळी धरलेली असली की त्यांचा हात थरथरायचा नाही. ब्रश धरला की थरथरायचा, म्हणून ठिपके धम्मशीला भरत होती.

"आता हे तरी बरोबर का?" त्यांनी मधेच विचारलं.

"आठवीपुरतं बरोबर. खरं म्हणजे इलेक्ट्रॉन असा एका जागी ठिपक्यासारखा नसतोच आबा. धुक्यासारखा असतो. कुठे दाट, कुठे विरळ. नंतरच्या लोकांनी हे पण पुसलं."

"धुकं काढायचं तर स्प्रे लागंल," आबा गंभीरपणे म्हणाले. "ते तुपल्या वर्गातल्या पोरींसाठी ठिव."

शेवटचा ठिपका राहिला तेव्हा त्यांनी ब्रश मागितला. तिने तो दिला आणि बाकीचे ब्रश धुवायला हापशावर गेली. तिथूनच तिला रस्त्यावर ऑटो थांबलेला दिसला. माधवराव सर आले होते. या म्हणून तिनेच आदल्या दिवशी फोन केला होता, आणि का ते फोनवरच सांगितलं होतं. सर नुसतं "येतो" म्हणाले होते.

ती पोचली तेव्हा दोघं म्हातारे समोरासमोर उभे होते. आबांनी पांढरा सदरा घातला होता. त्याच्या बाहीला पिवळा रंग लागला होता.

"नमस्कार सर," आबा म्हणाले. "बगा. अन् काय चुकलं असंल तर आज सांगा."

सर काठी टेकत भिंतीपाशी गेले. आतले दोन मोजले. बाहेरचे बोटाने मोजायला लागले. धम्मशीलानेही तेव्हाच ते बघितलं: खालचा, डावीकडचा ठिपका वर्तुळाच्या रेषेखाली घसरला होता. बाकी सगळे रेषेवर होते. सरांचं बोट तिथे थांबलं. त्यांनी वळून आबांच्या हाताकडे बघितलं, त्या थरथरीकडे, बाहीवरच्या पिवळ्या डागाकडे. कुणी काढला हे त्यांना कळलं होतं. आता सर 'छान' म्हणतील, असं तिला वाटलं. तिने मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

"भगवानराव, हा चुकलाय," ते म्हणाले. "खाली घसरलाय."

आबा पुढे झाले, वाकले, डोळे बारीक करून त्यांनी ठिपका बघितला. "घसरलाय," ते म्हणाले. "चांगला बोटभर घसरलाय." ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की धम्मशीलाला तो तिच्या लहानपणी, काम उरकून शिडीवरून उतरल्यावर आबा परातीवर वाकून हात धुवायचे, तेव्हाचा वाटला.

त्यांनी खांद्यावरचा तोच टॉवेल काढला, त्याचं टोक टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवलं आणि ठिपका पार पुसून टाकला.

"सर, जरा सुतळी धरा," ते म्हणाले.

सरांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि सुतळीचं टोक धरलं.